भिंत उबदार हवी की कोरडी?

मागच्या व्याख्यानानंतर कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून एका श्रोत्यांचा प्रश्न आला. घर लाकडी सांगाड्याचं, 40 वर्षांचं. त्याला बाहेरून उष्णतारोधक थर चढवायचा आहे, तर कोणता निवडावा? तत्त्वज्ञानवाल्यांनी यात कशाला पडायचं, असं कुणी म्हणेल. पण आयुष्यभराची पुंजी ज्या घरात घातली, त्याची भिंतच आतून कुजली तर? शिवाय 'कोणता?' विचारण्याआधी 'कशासाठी?' विचारायचं, हे आमच्या विषयाचंच काम आहे. तेव्हा आज हा प्रश्न आपण उलगडून पाहू.

हॅलिफॅक्स अटलांटिकच्या काठावर आहे. जानेवारीत सरासरी तापमान उणे 5 अंशांच्या आसपास. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 1400 मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तोही चार महिन्यांत न आटपता बारा महिने. वर समुद्राचा खारा वारा. अशा ठिकाणी थंडी हा भिंतीचा एक शत्रू झाला. दुसरा, आणि अधिक लबाड, शत्रू म्हणजे पाणी.

याचा धडा कॅनडाच्या दुसऱ्या किनाऱ्यानं फार महागात शिकवला. व्हँकुव्हर परिसरात 1980 आणि 1990च्या दशकांत बांधलेल्या शेकडो इमारतींच्या भिंती काही वर्षांतच कुजल्या. कुटुंबं दुरुस्तीच्या कर्जाखाली दबली. 1998 साली माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. आपल्या न्यायशास्त्रात कारण शोधायची एक रीत आहे: अन्वय-व्यतिरेक. एक असताना दुसरं असतं का, आणि नसताना नसतं का, ते पाहायचं. इथं तसं पाहिलं तर काय दिसलं? जिथं छपराची पागोळी भिंतीपुढे आलेली नव्हती, तिथं कुजणं जास्त. जिथं ती पुढे होती, तिथं कमी. पाणी मुख्यतः बाहेरूनच, खिडक्यांच्या आणि गच्च्यांच्या सांध्यांतून शिरत होतं, आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

पण पाणी आतूनही येतं. स्वयंपाक, आंघोळ, आपला श्वास, या सगळ्यांची वाफ घरातल्या हवेत असते. घरात 21 अंश तापमान आणि 40 टक्के आर्द्रता धरली, तर ही हवा साधारण 7 अंशांच्या खालच्या पृष्ठभागाला लागली की दव पडतं. आता गणित करू. सगळा रोधक थर सांगाड्याच्या आत असेल, तर बाहेरच्या बाजूचं प्लायवूड जवळजवळ उणे 5 अंशांवर राहतं. एकूण रोधापैकी एक तृतीयांश बाहेर नेला, तर ते पावणेचार अंशांच्या आसपास येतं. निम्मा बाहेर नेला, तर 8 अंशांवर, म्हणजे दवबिंदूच्या वर. भिंतीला स्वेटर बाहेरून घालायचा तो यासाठी: खोली तर उबदार राहतेच, पण लाकूडही कोरडं राहतं.

यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. 'पूर्ण नाही तर थोडा तरी लावू' हा विचार इथं घात करू शकतो. पातळ फोम लावला, तर लाकूड पुरेसं उबदार होत नाही आणि त्याची बाहेरून वाळायची वाट मात्र बंद होते. त्या काळच्या कॅनेडियन घरांत आतल्या बाजूला बहुधा प्लास्टिकचा कागद असतो. म्हणजे लाकूड दोन्हीकडून कोंडलं गेलं. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा.

आता 'कोणता?' याकडे येऊ. आपल्या ओळखीचं थर्माकोल स्वस्त, आणि वाफेला थोडीफार वाट देणारं. दाट एक्स्ट्रूडेड फोम त्याच जाडीत जास्त रोध देतो, पण वाफ जवळजवळ अडवतो. पॉलिआयसोचा आकडा कागदावर सगळ्यांत मोठा, पण कडक थंडीत तो घटतो. चौथी जात दगडी लोकरीची. बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण, वितळवून त्याचे तंतू काढतात. तिचा रोध मध्यम, पण वाफ तिच्यातून जाते, पाणी निथळतं आणि ती जळत नाही. आत प्लास्टिक असलेल्या जुन्या घराला, जाडी वाढवावी लागली तरी, आपला कौल या लोकरीच्या कडक पाट्यांना. फोमच घ्यायचा, तर तो जाडच हवा.

तरीही वस्तूपेक्षा क्रम मोठा. आतून बाहेर मोजलं तर आधी प्लायवूड, त्यावर पाणी आणि वारा अडवणारा पण वाफ सोडणारा पडदा, मग लोकर, मग उभ्या पट्ट्या, आणि शेवटी दर्शनी फळ्या. पट्ट्यांमुळे फळ्यांमागे पोकळी राहते. तीतून पाणी खाली उतरतं आणि हवा खेळते. कोकणात पावसाळ्याआधी झड अडवायला झावळ्यांची झापं बांधतात, त्याच्याशी याचं नातं आहे. पावसाचा मार झापांनी घ्यायचा, मागची भिंत कोरडी राहू द्यायची. आणि हो, खाऱ्या वाऱ्यात स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

तेव्हा कंत्राटदाराला भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. खिडकीच्या सांध्यात पाणी शिरलं तर बाहेर कुठून पडेल? ओलं लाकूड कोणत्या बाजूनं वाळेल? जानेवारीत प्लायवूड किती अंशांवर असेल? या तिन्हींची उत्तरं जो कागदावर भिंतीचा छेद काढून देईल, त्याच्याशी पुढचं बोलणं करा. रोधाचा आकडा कोरड्या वस्तूचा असतो. भिंत ओली झाली की तो नुसता कागदावर उरतो.

आज इथंच थांबू.