बेस घुमतोय? आधी खोलीकडे बघा!

इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, आपल्या मुलांच्या बँडची तालीम बहुधा घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीतच होते. तक्रारही सगळीकडे एकच: बाकी सगळं ऐकू येतं, बेस गिटार मात्र नुसती घुमते. मग कोणीतरी मोठा अँप घ्यायचं सुचवतं. थांबा! लहान खोलीत बेसबरोबर खोलीही वाजत असते, आणि ती अँप बदलून गप्प बसत नाही.

थोडा हिशेब करू. बेसची सर्वांत जाड तार, खुली ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. तिच्या ध्वनिलहरीची लांबी ८ मीटरहून जास्त, आणि खोली जेमतेम ३ मीटर रुंद. ज्या लहरीची निम्मी लांबी समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराएवढी असते, तो सूर खोलीत फुगतो. १० फुटांसाठी हा आकडा येतो सुमारे ५६ हर्ट्झ. खुली ए तार ५५ हर्ट्झची! म्हणून ए वाजला की तावदानं थरथरतात आणि इतर सूर दबतात. छतही १० फुटांवर असेल तर त्यात आणखी भर.

गंमत म्हणजे हा फुगलेला सूर भिंतीपाशी सर्वांत मोठा आणि दोन भिंतींच्या मधोमध सर्वांत क्षीण ऐकू येतो. मध्ये उभा असलेला वादक आवाज वाढवत जातो. भिंतीजवळच्या गायिकेला स्वतःचा सूर सापडत नाही, आणि शेजारच्या काकू बेल वाजवतात. अशाने तालीम बंद पडते.

हे करून बघा :

• अँप कोपऱ्यातून बाहेर काढा. तिथे खर्ज सर्वांत जास्त फुगतो. अँप स्टुलावर ठेवून कानाच्या दिशेने कलता करा.

• एकेक सूर सावकाश वाजवा, मित्राला खोलीत फिरायला सांगा. सगळे सूर साधारण सारखे वाटतील तिथे उभे राहा. अँपची जागाही अशीच बदलून बघा.

• बेसचं बटण कमी करा, मिड थोडं वाढवा. ई तारेतून ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वरही निघतात. त्यांच्यावरून कान मूळ सूर ओळखतो.

• अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतात. त्यापेक्षा जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, थोडा तरी फरक पडेल.

• न वाजणाऱ्या तारा बोटांनी दाबून ठेवा. निम्मा गोंगाट त्यांचाच असतो.

आवाज किती ठेवायचा? गाणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येईल इतकाच.

आणि हो, गणेशोत्सवात उघड्या मैदानावर वाजवाल तेव्हा या भिंती नसतील. तिथे बेस एकदम पातळ वाटेल. तेव्हा कमी केलेलं बटण पुन्हा वाढवायला विसरू नका.