मळ्यातल्या घरात टीव्हीची तार आणताना

गावातल्या घरी केबलवाला तार आणून देतो आणि महिन्याला पैसे नेतो. मळ्यात राहायला गेलेल्या कुटुंबाचे तसे नसते. दोन-चार घरांच्या वस्तीसाठी एवढी लांब तार ओढणे त्याला परवडत नाही. मग आपण बाजारातून छत्री, बॉक्स आणि तारेचे भेंडोळे आणतो आणि घरच्या घरी जोडणी करायला बसतो. काम अवघड नाही. मात्र एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. भिंतीतून आत येणाऱ्या तारेबरोबर पावसाचे पाणी, करंट आणि आकाशातली वीज हे तिघेही न बोलावता येऊ शकतात. चित्र दिसण्याची घाई करण्यापूर्वी या तिघांची वाट अडवावी.

प्रथम खर्चाचे पाहू. दूरदर्शनने २००४ साली 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू केलेली सेवा आता 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यावा लागतो. पुढे महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते आणि २०१५ साली सुरू झालेली डीडी किसानही दिसते.

आता छत्रीची जागा. महाराष्ट्रातून पाहिले तर या सेवेचा उपग्रह आग्नेय दिशेला आणि आकाशात बराच वर आहे. त्यामुळे डोक्याइतका वाढलेला ऊस आड येत नाही. अंगणातला आंबा किंवा चिंच मात्र येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विजेच्या तारा. छत्रीचा खांब वाऱ्याने आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही, एवढ्या अंतरावर तो रोवावा. लोखंडी पाइप उभा करण्याआधी वर पाहावे. विजेच्या खांबाला छत्री बांधण्याचा विचारही मनात आणू नये.

टीव्हीची तार साधी दिसली तरी तिच्या पोटात चार थर असतात. मधोमध एक बारीक तार, तिच्यावर पांढरे आवरण, त्यावर चकचकीत पन्नी व जाळी, आणि सर्वांत वर काळी साल. 'आरजी-६' जातीची तार मागावी. टोकाला पिन बसवताना जाळीचा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला, तरी चित्र जाते. म्हणून जाळी नीट मागे मुडपावी आणि मधली तार पिनेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवावी. बॉक्सकडून याच तारेतून छत्रीला १३ ते १८ व्होल्टचा पुरवठा जातो; तेव्हा जोडणी करताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. तार जितकी लांब, तितका संदेश क्षीण होतो. ती शंभर फुटांच्या आत ठेवलेली बरी. जमिनीतून न्यायची असेल तर पाइपातून न्यावी, म्हणजे उंदीर आणि कुदळ दोन्ही टळतात.

भिंतीचे भोक पाडण्यात बहुतेक घरे चुकतात. छताला भोक पाडू नका. वळचणीखालच्या भिंतीत पाडा आणि ते बाहेरच्या बाजूला उतरते ठेवा. तार भोकात शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबता वळसा द्या. पावसाचे पाणी त्या वळशावरून खाली ठिबकते, आत येत नाही. भिंत पत्र्याची असेल तर भोकात रबराची कडी घाला, नाहीतर पत्र्याची धार साल कापते. पत्रा उन्हात ताणतो आणि रात्री आकसतो. कडक होणारी लांबी तिथे भेगाळते, म्हणून सिलिकॉन भरावे.

हीच अडचण अमेरिकेत ट्रकवर बसवलेल्या फिरत्या घरांनाही असते. त्यांचे छतही पातळ, आणि आत मुरलेले पाणी लाकडी सांगाडा कुजवते. तिथे बाजूच्या भिंतीवर झाकणाचे एक तोंड बसवतात. मुक्काम पडला की बाहेरची तार त्यात जोडायची, निघताना काढायची. ही युक्ती आपल्यालाही घेण्यासारखी आहे. बाहेरच्या भिंतीवर झाकणाची छोटी पेटी लावून तीत तारेचा जोड ठेवला, तर परगावी जाताना तो बाहेरूनच सोडता येतो.

करंटाचे सांगायचे तर टीव्हीची तार आणि घराच्या विजेची तार एका भोकातून नेऊ नये. पत्र्याच्या घरात विजेच्या तारेची साल फाटली, तर सगळी भिंत करंट धरते. घराला नीट अर्थिंग हवे आणि बोर्डात करंट गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. छत्रीचा खांबही जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडावा. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. इथे काटकसर नको. घरातल्या बायामाणसांना आणि मुलांना सांगून ठेवा, की छत्रीच्या तारेवर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत.

राहिली आकाशातली वीज. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात ती जास्त कडाडते. अर्थिंग असले तरी थेट पडणाऱ्या विजेपुढे त्याची खात्री देता येत नाही. आभाळ भरून येताच टीव्ही व बॉक्सचे प्लग काढावेत आणि छत्रीची तारही सोडावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हात लावू नये. यंत्र गेले तर पुन्हा घेता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर असेल, तर जवळपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो.

दिवसभर रानात राबल्यावर संध्याकाळी घटकाभर बातम्या पाहाव्यात, मुलांनी एखादा खेळ पाहावा, यात गैर काही नाही. वस्तीवरच्या एकट्या घराला तेवढीच सोबत होते. येत्या पावसाआधी एकदा घराभोवती फेरी मारा. तार कुठून येते, भोक कुठे आहे, खांब कशाच्या जवळ आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहा. जिथे शंका येईल तिथली दुरुस्ती पहिल्या गडगडाटाआधी उरकून घ्या.