खिडकीतला तरवा

सेंट पीटर्सबर्ग, मार्च

अंगणांतला बर्फ अजून वितळलेला नाही, पण या शहराचा भाजीपाल्याचा हंगाम केव्हाच सुरू झाला आहे. संध्याकाळी नऊमजली वसाहतींमधून चालताना मधूनच एखादी खिडकी गडद गुलाबी-जांभळ्या उजेडाने भरलेली दिसते. आत टोमॅटोची, ढोबळ्या मिरचीची रोपं असतात आणि ते दिवे त्यांच्यासाठी लावलेले असतात. ज्यांच्याकडे दिवे नाहीत, त्यांच्या काचेलगत दुधाची कापलेली खोकी आणि दह्याचे रिकामे पेले ओळीने मांडलेले दिसतात.

हे शहर ६० अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथे दिवस सहा तासांचाही नसतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातही एखाद्या रात्री दहिवर गोठून कोवळं रोप करपू शकतं. सप्टेंबरात पुन्हा थंडी येते. बी पडल्यापासून फळ पिकेपर्यंत टोमॅटोला साधारण चार महिने लागतात. उघड्यावर मिळतात जेमतेम तीन. उरलेला काळ घरात काढावा लागतो. म्हणून मिरची आणि वांगी फेब्रुवारीत पेरतात, टोमॅटो मार्चमध्ये. काकडीला मुळं हललेली सोसत नाहीत, म्हणून ती एप्रिलअखेर वेगवेगळ्या पेल्यांत टाकतात आणि मातीच्या गोळ्यासकट लावतात.

पेरणीपूर्वी बी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून घेण्याची रीत जुनी आहे. अनेक घरांत मातीही ओव्हनमध्ये भाजतात, म्हणजे रोपं बुडाशी काळी पडून कोलमडत नाहीत. कोकणातला राब भाजणारा शेतकरी हे पाहून लगेच ओळखीचं हसेल. पेरणीचा दिवस पुष्कळजण चंद्र पाहून ठरवतात: वाढत्या चंद्रात फळभाज्या, घटत्या चंद्रात कंदमुळं. मला त्यात तथ्य दिसत नाही, पण त्या पंचांगामुळे वेळेवर पेरणी होते हे खरं.

खरी कसोटी बी उगवल्यावर लागते. खिडकीखालीच गरम पाण्याचे रेडिएटर असतात. ऊब भरपूर, उजेड अपुरा, हवा कोरडी. रोप उजेडाच्या शोधात लांबट, फिकं होऊन वाकतं. म्हणून मोड वर येताच जाणती माणसं पेले गारव्यात, १५ ते १८ अंशांत काही दिवस हलवतात. दोन खरी पानं फुटली की प्रत्येक रोप उचलून स्वतंत्र पेल्यात लावायचं, मुळाचं टोक थोडं खुडायचं आणि टोमॅटो असेल तर देठ बीजदलांपर्यंत मातीत पुरायचा, म्हणजे पुरलेल्या देठालाही मुळं फुटतात. मिरचीला मात्र तसं खोल लावत नाहीत. हे इथे आजीकडून नातीकडे येतं. शाळेत न शिकवलेली इतकी नेमकी विद्या एवढ्या मोठ्या शहरात टिकून आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ती टिकली, कारण तिच्यावाचून या शहराचं चाललं नसतं. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने वेढा घातला आणि तो ८७२ दिवस टिकला. पहिल्या हिवाळ्यात लाखो माणसं उपासमारीने गेली. १९४२ च्या वसंतात जिवंत राहिलेल्यांनी उद्यानं आणि चौक खणले. सेंट आयझॅक चर्चसमोर कोबी उभा राहिला. त्याच चौकात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी उभारलेली बियाण्यांची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी टनावारी धान्य जपलं आणि त्यातला दाणाही तोंडात न घालता त्यांच्यापैकी काहीजण उपाशी मेले. भाताच्या वाणांचे जाणकार दिमित्री इवानोव हे त्यांतले एक. वाविलोव स्वतः तेव्हा स्टालिनच्या कैदेत होते. १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात तेही गेले. या चौकातून जाताना मी दर वेळी थांबतो.

युद्धानंतर कामगारांना शहराबाहेर बागेसाठी सहाशे चौरस मीटरचे तुकडे मिळू लागले. आपल्या हिशेबाने जवळजवळ सहा गुंठे. १९९२ च्या जानेवारीत सरकारने किमती मोकळ्या सोडल्या, साठवलेला पैसा महिन्यांत विरघळला, पगार थकले. तेव्हा असंख्य कुटुंबांचा हिवाळा या सहा गुंठ्यांतल्या बटाट्यांवर आणि बरण्यांत भरलेल्या काकड्या-टोमॅटोंवर निघाला. आज दुकानात बाराही महिने टोमॅटो मिळतात. तरीही पेले मांडले जातात. याला निव्वळ छंद म्हणणं मला पटत नाही. दुकान रिकामं होऊ शकतं, हे इथल्या साठीच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं आहे. नातवंडांनी ते ऐकलं आहे.

एप्रिलअखेर रोपं रोज थोडा वेळ बाल्कनीत ठेवून काटक करतात. मेच्या सुट्ट्यांत लोकल गाड्या खोक्यांनी भरतात. काचघर असलेले तेव्हाच लागवड करतात, उघड्यावर लावणारे १० जूनपर्यंत थांबतात. ज्यांची रोपं जास्त झाली, त्या आजीबाई ती मेट्रो स्टेशनांबाहेर विकायला बसतात. कोणती जात, कधी पेरली, किती पाणी, सगळं विचारावं, त्या सांगतात. निवडताना उंच रोपाला भुलू नये. बुटकं, जाड देठाचं, गडद पानांचं आणि अजून फूल न आलेलं घ्यावं.