रक्तदाबाच्या यंत्राचा पासंग

'डॉक्टरसाहेब, लातूरला वरचं बी.पी. १३६ निघालं, तुमच्याकडं १४८ कसं काय?' आमच्या मुरुडच्या एका आडत दुकानदाराने हा प्रश्न विचारला तेव्हा, 'धावपळ करून आला असाल' असे म्हणून मी वेळ मारून नेली. आठवड्याने मोजले, पुन्हा १४८. गोळीची चिठ्ठी लिहायला घेतली, तसे ते म्हणाले, 'आमचा तराजू वजनमापे निरीक्षक तपासून शिक्का मारतो. तुमचं यंत्र कोण तपासतं?'

मी पेन खाली ठेवले. बी.पी.ची गोळी म्हणजे चार दिवसांचे औषध नव्हे, बहुधा जन्माची सोबत. आणि माझे काट्याचे यंत्र विकत घेतल्यापासून एकदाही तपासलेले नव्हते. काटा शून्यावर येतो ना, मग यंत्र ठीक, एवढाच माझा हिशेब. तो चुकीचा होता. काटा शून्यावर असूनही वरच्या आकड्यांना यंत्र खोटे बोलू शकते.

यंत्र तपासणीला पाठवले. सोबत आलेल्या कागदावर दुरुस्त्या होत्या : १०० ला वजा ६, १५० ला वजा ११, २०० ला वजा १४. यंत्र जास्त दाखवत असेल तर दुरुस्ती वजा, कमी दाखवत असेल तर अधिक. १४८ हा आकडा १०० आणि १५० च्या मधला, म्हणून त्या प्रमाणात दुरुस्ती जवळजवळ वजा ११. खरा आकडा १३७. अशा यंत्राला फार तर ३ मिलिमीटरची चूक माफ असते!

आता तपासणाऱ्याचे यंत्र बरोबर कशावरून? त्याच्या वर प्रमाणित प्रयोगशाळा आणि सर्वांत वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिथे दट्ट्याचे, म्हणजे पिस्टनचे दाबमापक वापरतात. गुळगुळीत नळीत चपखल बसणारा दट्ट्या, त्यावर नेमकी वजने, खालून तेलाचा किंवा हवेचा दाब. दट्ट्या तरंगला की वजनाच्या भाराला त्याच्या क्षेत्रफळाने भागायचे, आला दाब.

पण इथेही पासंग काढावा लागतो. गुरुत्वाकर्षणाचा प्रमाण आकडा ९.८०६६५, आपल्या मराठवाड्यात तो सुमारे ९.७८४ भरतो. म्हणजे तीच वजने इथे हजारात सव्वादोन भाग कमी दाबतात. १५० वर हा फरक जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर. हवा वजनांना किंचित उचलून धरते, ते दहा हजारात दीड भाग. २० अंशांऐवजी ४० अंशांच्या उन्हाळ्यात पोलादी दट्ट्या फुगतो, क्षेत्रफळ वाढते आणि दाब दहा हजारात चार-पाच भाग घटतो.

चौथी दुरुस्ती उंचीची. दट्ट्या आणि तपासायचे यंत्र एका पातळीत नसतील, तर मधल्या तेलाचे वजन हिशेबात येते. दहा सेंटिमीटर तेल म्हणजे पाऱ्याचे साधारण साडेसहा मिलिमीटर! हवेवर चालणाऱ्या यंत्रात मात्र हा फरक नगण्य.

वाचकहो, हीच दुरुस्ती आपल्या दंडालाही लागू आहे. तिथे तेलाऐवजी रक्त. हात लोंबता ठेवल्याने पट्टा हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली गेला, तर आकडा सात-आठने वाढतो. तेवढाच वर गेला तर तितकाच कमी दिसतो. गुरुत्वाकर्षण विसरले तर काही बिघडत नाही, हाताची उंची विसरली तर निदान बदलते.

म्हणून पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, दंड हृदयाच्या पातळीत टेबलावर ठेवा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आखूड पट्टा आकडा फुगवतो. घरचे यंत्र वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि दोन ठिकाणी दोन आकडे आले तर आपल्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आडत दुकानदारांना मी गोळी दिली नाही. मीठ कमी, रोज चालणे आणि महिन्याने पुन्हा तपासणी एवढेच सांगितले. त्या यंत्रावर गोळी सुरू केलेल्या बाकीच्यांना मात्र एकेक करून बोलावले आणि चांगल्या यंत्रावर पुन्हा मोजले. काहींची गोळी हळूहळू बंद करता आली. 'तुम्हाला तिची गरज नव्हती, चूक माझी,' हे त्यांना सांगणे जड गेले. तेव्हापासून तो दुरुस्त्यांचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली असतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा, 'यंत्र कधी तपासलं?' ते रागावले तरी विचारा. मीही आधी टाळलेच होते.