सायवान कोणते घ्यावे?

होळी पेटून विझली आणि रंगपंचमीचे रंग अंगावरून उतरले, की लष्करातल्या आपल्या घराघरांतून दरवर्षीचे प्रश्न निघतात. पश्चिमेच्या खिडकीचे यंदा काय करायचे? गच्चीवर काही घालायचे की नाही? दुकानाच्या तोंडावरचे विटके कापड आणखी एक उन्हाळा काढील काय? मग कोणी पत्रा सुचवितो, कोणी पारदर्शक प्लॅस्टिकचे तक्ते, तर कोणी बटण दाबताच उलगडणारे नव्या धर्तीचे छत. व्यापारी रंगीत चित्रांचे पुस्तक पुढे ठेवतो आणि मंडळी रंग पसंत करू लागतात. वस्तुतः रंग ही या खरेदीतली शेवटची बाब. तिच्या आधी विचारण्याजोगे काही प्रश्न आहेत, आणि ते विचारण्याचा अधिकार आपल्या शहराला इतरांपेक्षा काकणभर अधिकच आहे.

भिंतीवरून पुढे काढलेल्या अशा सावलीला मराठीत 'सायवान' हा जुना शब्द आहे. तो मूळ फारसीतला. साया म्हणजे सावली. चांदवा, शामियाना, कनात, राहुटी, पाल हे सारे त्याचेच आप्त. आणि या आप्तांशी लष्करचे नाते जन्माचे आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि नावही तळाचेच राहिले. कंपू, शिंदे की छावनी ही मोहल्ल्यांची नावे आजही तीच साक्ष देतात. पाटणकर बाजार, फालका बाजार यांत सरदारांची घराणी नांदतात.

त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८०९ मध्ये, टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यांत तळ कसा पडे याचे वर्णन आहे. बिनीवाले पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्याच्या जागी पांढरे निशाण रोवीत, मग एकेका बाजाराची निशाणे लागत, आणि समोरासमोर दोन ओळींत दुकाने मांडली जाऊन मधून लांबच लांब रस्ता निघे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज अशाच रस्त्याने इथवर आले. दगडी वाडे मागाहून उठले, आधी कापड होते.

या कापडाचे मोठे शास्त्र होते. तंबू, कनाती, जाजमे सांभाळणारे खाते म्हणजे फरासखाना. पुण्यात बुधवारातल्या पोलीस चौकीला अजून तेच नाव आहे. अकबराच्या फरासखान्याची हकिकत अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त तपशीलवार दिली आहे. शामियाना लहानमोठा अनेक मापांचा असे, पण बारा गज चौरसाहून मोठा नसे, असे तो सांगतो. हा अबुल फजल १६०२ मध्ये मारला गेला. त्याची कबर आपल्या जवळच, आंतरीला आहे. बादशाही असूनही एका कापडाला मर्यादा घालावी लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या मर्यादेचा धनी वारा. त्याच्याकडे पुढे येऊच.

फरासांच्या साऱ्या विद्येचे सार एका गोष्टीत होते : छत जितके झटकन उभारता यावे, तितकेच झटकन उतरवताही यावे. आज छत घेताना हीच कसोटी पहिली लावावी. आपल्या हवेत ते तीन वेळा दूर करावे लागते. एकदा रात्री, एकदा वादळात आणि एकदा थंडीत. जे छत या तिन्ही वेळांना हलत नाही, ते उन्हाळ्यातल्या दुपारचे काम करते खरे, पण बाकीच्या वेळी घराशी वैर धरते.

दिशा आधी, माप मागाहून

ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर, ८७ अंशांवर असतो. २१ डिसेंबरला तो ४० अंशांपर्यंतच चढतो. या दोन आकड्यांत दक्षिणेच्या खिडकीचा सारा हिशेब आला. खिडकीच्या माथ्यापाशी दोन फूट पुढे आलेले सायवान लावले, तर एप्रिलच्या मध्यावर दुपारी त्याची सावली साडेसहा फुटांहून अधिक खाली उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. तेच सायवान डिसेंबरात अवघी पावणेदोन फूट सावली टाकते, आणि पौषातले हवेहवेसे ऊन खालच्या बाजूने घरात येते. दक्षिणेला दोन फूट पुष्कळ झाले. जुन्या दगडी छज्ज्यांचे काम याच हिशेबाने चाले. ज्यांच्या वाड्याला असे छज्जे शाबूत आहेत त्यांनी दक्षिणेला नवे काही न घेतले तरी चालेल.

खरी अडचण पश्चिमेची. जूनमध्ये दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य ३६ अंशांवर असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून येतो. सव्वापाचला तो २३ अंशांवर उतरतो. चार फूट उंचीच्या खिडकीला सव्वाचारपर्यंत पुरती सावली द्यायची, तर आडवे छत साडेपाच फूट पुढे काढावे लागेल. सव्वापाचपर्यंत द्यायची तर साडेनऊ फूट! एवढे छत कोणी लावीत नाही, लावलेच तर टिकत नाही. म्हणून पश्चिमेला लांब छतावर पैसा घालण्यापेक्षा ज्याच्या कडेला खाली सोडता येणारा पडदा आहे असे आखूड, उतरते सायवान घ्यावे. नाहीतर खिडकीच्या बाहेरून बांबूचा चिक सोडावा. 'बाहेरून' हा शब्द महत्त्वाचा. पडदा आत लावला तर ऊन काचेतून आत शिरलेले असते. मग पडदा तापतो आणि त्याची ऊब खोलीतच राहते. वाळ्याचे पडदे वडीलधारी मंडळी दाराखिडक्यांच्या तोंडावर लावीत ते याच धोरणाने, आणि लू कोरडी असल्यामुळे त्यांवर शिंपडलेले पाणी भराभर उडून वारा गार होई.

वाऱ्याचा हिशेब

मे-जूनमधल्या आंधीचा अनुभव नाही असा लष्करकर विरळा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ६० किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे १७ किलो भरतो. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद छत घेतले, तर एकंदर जोर ऐंशी किलोंच्या घरात जातो. ताशी ९० किलोमीटरच्या झोताला तोच पावणेदोनशेच्या आसपास. हा सगळा जोर सोसायचा भिंतीतल्या चार-सहा खिळ्यांनी!

यास्तव दुकानदाराला कापडाआधी पकडीविषयी विचारावे. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर तो पहिल्या आंधीत चुन्यासकट बाहेर येतो, आणि आत फुगून पकडणारे बोल्ट जुनी वीट फोडतात. अशा भिंतीला बोल्ट आरपार न्यावा आणि आतल्या बाजूस रुंद लोखंडी पट्टी देऊन आवळावा. ग्वाल्हेरी दगडाच्या कोरीव तोड्यात किंवा जाळीत कधीही भोक पाडू नये. साधे लोखंड दगडात गंजले की फुगते आणि दगडाची कपची उडवते. तेव्हा जस्त चढविलेले किंवा न गंजणारे पोलादच मागावे.

गुंडाळता येणारे छत असेल तर ते हाताच्या दांड्याने फिरते की विजेवर चालते, हे पाहावे. विजेवर चालणाऱ्याला हाताचा दांडाही असलाच पाहिजे. आंधी आणि वीज जाणे या दोन गोष्टी एकाच घटकेला घडतात, हे आपल्याला सांगायला नको. वाऱ्याने झालेले नुकसान हमीत बसते की नाही, तेही लेखी विचारून ठेवावे.

पावसाचे एक सूत्र तेवढे सांगून ठेवतो. उतार फुटाला तीन इंचांहून कमी नसावा. सपाट कापडावर पाण्याचे पोट सुटते. वरच्याच मापाच्या छतावर एक इंच पाणी साचले तर ते शंभर किलोंच्या वर भरते.

कापडाची पारख

सुती कॅनव्हास जाड असावा. छतासाठी चौरस मीटरला ४०० ते ५०० ग्रॅमचा बरा. तो श्वास घेतो, त्यामुळे खाली उकडत नाही. भिजला की सूत फुगून विणीतली भोके बुजतात आणि पाणी अडते. त्याचा दोष ओलेपणाचा : ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरलीच. सुती दोरही भिजला की आखडतो. म्हणून जाणता फरास पावसाआधी दोर सैल करी.

रंगवलेल्या तंतूंचे ॲक्रिलिक कापड हलके असते, चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम. उन्हात रंग पुष्कळ वर्षे टिकतो आणि बुरशीही सहसा धरत नाही. ते महाग, पण रोज गुंडाळायच्या छताला तेच योग्य. प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड पाऊस पुरता अडविते, मात्र त्यातून वारा जात नाही. ते दुकानाच्या तोंडाला चालेल, पण निजण्याच्या खोलीवर नको. बाजारात ताडपत्री म्हणून मिळते ते विणलेले प्लॅस्टिक स्वस्त खरे, परंतु आपल्या उन्हात दोन-चार हंगामांत त्याचे तुकडे गळू लागतात. शेवटी जमाखर्च मांडला तर स्वस्त पडत नाही.

नमुना हातात घेतला की तो सूर्याकडे धरून पाहावा, मग पाण्याच्या बादलीत घालावा. शिवण कोणत्या दोऱ्याची आहे ते विचारावे. चांगल्या कापडाला साधा सुती दोरा घातला तर कापड राहते आणि शिवण सुटते. कडेला नवारीची पट्टी आणि कड्या पितळेच्या हव्यात. फिका रंग ऊन परतवितो. गडद रंग डोळ्यांना निववितो पण स्वतः तापतो. दोहोंचा लाभ हवा तर जुन्या दुहेरी तंबूंची युक्ती आहे : वर फिके कापड, खाली वितभर अंतर सोडून दुसरे अस्तर. मधली हवा वाहती राहिली की वरचा ताप खाली येत नाही. गच्चीवरच्या खोलीला याहून सोपा उपाय नाही.

दुकानदारांना रंगाविषयी एक वेगळी सूचना. साडी घेणारी बाई ती दुकानाच्या तोंडाशी, उजेडात आणून पाहते. वर तांबडे छत असेल तर पांढऱ्या जरीलाही तांबूस झाक येते, हिरव्याखाली सोने फिके दिसते. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर फसल्यासारखे वाटते, आणि दोष व्यापाऱ्याचा नसतो, छताचा असतो. कापडवाल्यांनी आणि सराफांनी छताची खालची बाजू पांढरी किंवा दुधी ठेवावी. वर हवा तो पट्टा चालेल. छताची खालची कड वाटसरूच्या डोक्याहून चांगली वर असावी. दुकानाची सावली रस्त्याने जाणाऱ्याच्याही उपयोगी पडते. उन्हातून आलेला माणूस जिथे क्षणभर थांबतो, तिथेच पुढे गिऱ्हाईक होऊन आत येतो.

वाड्याचा चौक

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ती गोष्ट. गेल्या काही वर्षांत जुन्या वाड्यांच्या चौकांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे किंवा पत्र्याचे कायमचे छप्पर घालण्याची चाल वाढते आहे. माकडे येत नाहीत, पाऊस येत नाही, धूळ येत नाही, असे त्याचे गुण सांगतात. ते खरेही आहेत. परंतु चौक ही वाड्याची नुसती मोकळी जागा नव्हे. दिवसा तापलेली हवा याच वाटेने वर निघून जाते. रात्री फरशी आणि भिंती आपली ऊब उघड्या, कोरड्या आभाळाला देतात, आणि पहाटे खालच्या खोल्या गार होतात. पारदर्शक छप्पर ऊन आत घेते आणि ऊब आत कोंडते. पत्रा तापून स्वतःच शेगडी होतो आणि रात्रीचे आभाळ तोडतो. मग खालच्या खोलीत निजणाऱ्या वृद्धांना उन्हाळ्यातल्या रात्रीही विसावा नाही. लू दिवसा लागते, पण शरीर सावरते ते रात्री. ती रात्रच गेली तर ज्यांचे वय झाले आहे त्यांच्या जिवावर बेतते.

चौकाला सावली हवीच असेल तर ती सरकत्या कापडाची असावी. दोन बाजूंना दोन तारा, त्यांवर कड्या, आणि कड्यांत अडकवलेले कापडाचे पट्टे. सकाळी नऊला ओढायचे, सूर्य कलला की गोळा करायचे. कोणताही चांगला टेंटवाला हे काम दोन दिवसांत करून देतो. माकडांसाठी जाळी लावावी. तिने हवा अडत नाही. पावसाळ्यात कापड काढून घ्यावे आणि चौकाची मोरी साफ ठेवावी. नवरात्रात सगळी कापडे धुऊन, खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर टाकावीत.

यात रोजचे एक काम वाढते, ही तक्रार रास्त आहे. छत ओढायला आणि सोडायला घरात कोणी तरी हवे. पण घरातले कोणी रोज संध्याकाळी चौकात येऊन आभाळ मोकळे करते, हे काही फार मोठे ओझे नव्हे. लहान मुलांना तर ते आनंदाने करता येईल. व्यापाऱ्याने चित्रांचे पुस्तक उघडले की त्याला आधी एवढेच विचारा : हे रात्री दूर करता येते काय? आंधी आली तर किती वेळात गुंडाळते? आणि मार्गशीर्षात काढून ठेवता येते काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, की मग खुशाल रंग निवडायला बसावे.