दोन दिवस, दोन दोस्त, दोन हजार

मुंबई बघायची तर खिसा गरम पाहिजे, असं बाहेरच्यांना वाटतं. आणि इथे राहणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदारांचं तर ते पक्कं मत झालेलं असतं. शनिवार आला की मॉल, मल्टिप्लेक्स, वर एखादी कॉफी. रविवारी रात्री बॅलन्स बघावा तर दोन हजार गायब! बघितलं काय? तेच फूड कोर्ट. त्यामुळे माझा मावसभाऊ आणि त्याचा हॉस्टेलचा रूममेट माणशी दोन हजारांत, तेही जाण्यायेण्यासकट, मुंबई फिरायला येताहेत हे कळल्यावर मी दोन्ही दिवस त्यांच्याबरोबर फिरायचं ठरवलं. म्हटलं, बघू या तरी पोरं काय दिवे लावतात ते.

दोघंही छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पॉकेटमनी मोजका, उत्साह अनलिमिटेड. पहिला फंडा एकदम सिंपल: रात्र गाडीत काढायची. शुक्रवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडली, की शनिवारी सकाळी सीएसएमटी. परतीचीही देवगिरीच, रविवारी रात्री साडेनऊची. जाऊन येऊन स्लीपरचे माणशी पाचशेच्या आसपास. म्हणजे लॉजची गरज फक्त एका रात्रीपुरती.

पण ती एक रात्रच जाम महाग. मी राहते दादरला लेडीज पीजीमध्ये, तिथे भाऊ असला तरी त्याला जिन्यापर्यंतच परवानगी. पूर्वी गावाकडची पोरं आमदाराची चिठ्ठी घेऊन आमदार निवासात पथारी टाकायची. रूममेटने तो पर्याय सुचवूनही पाहिला, पण मावसभावाला चिठ्ठी मागायला जायची लाज वाटली. शेवटी फोर्टातल्या एका गल्लीत डॉर्मिटरी सापडली. बंकबेड, कॉमन बाथरूम, सामानाला कुलूपबंद खण, माणशी सहाशे. म्हणजे पाय ठेवायच्या आधीच अकराशे संपले. उरलेल्या नऊशेत दोन दिवसांचं खाणं, फिरणं आणि तिकिटं. घारापुरी इथेच कटाप झाली, कारण लाँच आणि लेण्यांचं तिकीट मिळून माणशी तीनशेच्या घरात जातं.

शनिवार : फुकटातलं फोर्ट

सामान डॉर्मिटरीत टाकून आम्ही पहिली पाहिली ती गोष्ट म्हणजे दोघं ज्या स्टेशनवर उतरले ते स्टेशन. आपण तिथून रोज पळतो, वर बघत नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या आर्किटेक्टने आखलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. समोरच्या फुटपाथवर उभं राहून नुसतं वर बघायचं. दगडातले मोर, माकडं, पानं, गेटच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. मावसभाऊ सिव्हिलचा. तो वीस मिनिटं हललाच नाही. तिकीट शून्य.

नाश्त्याला मेट्रो सिनेमाजवळचं कयानी. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, बनमस्का आणि चहा. या प्लॅनमध्ये पोट भरणं आणि मुंबई बघणं एकाच बिलात बसवायचं, हे त्या दोघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. हुशार पोरं.

मग पायी. हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक सोसायटीचा तो भलामोठा जिना, काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला एक पैसाही लागत नाही, आणि चित्रातलं कळत नसेल तरी कोणी हाकलत नाही. समोरच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला वीस रुपयांचं तिकीट आहे (सोमवारी बंद). गोल घुमटाखालच्या गॅलरीत बाहेरच्या उन्हाचा पत्ताही लागत नाही. दुपारचा एसी म्हणूनसुद्धा वीस रुपये वसूल!

दुपारी ओव्हल मैदान. मुंबईत फक्त एकच जागा दाखवायला सांगितली तर मी हीच दाखवीन. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, म्हणजे टोकदार कमानींची व्हिक्टोरियन मुंबई. पाठ फिरवली की गोलसर बाल्कन्यांच्या, फिक्या रंगांच्या आर्ट डेको बिल्डिंगा. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. मधल्या मैदानात चारपाच मॅचेस एकाच वेळी चालू. कोणाचा फील्डर कोणाच्या मॅचमध्ये उभा आहे हे त्यांनाच माहीत. रूममेट एका टीमचा बॉल अडवून फेकायला गेला, तर त्यांनी त्याला दोन ओव्हर फिल्डिंगलाच ठेवून घेतलं.

संध्याकाळी बेस्टची डबलडेकर. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रिटायर झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या इलेक्ट्रिक, एसी डबलडेकर सीएसएमटीहून एनसीपीएला जातात. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर बारा रुपयांत राजेशाही. हे बारा रुपये मे २०२५ पासूनचे, त्याआधी हेच किमान भाडं सहा होतं, आणि साध्या बसचं पाचचं दहा झालं. तुमच्याआमच्यासाठी ही सुटी नाणी आहेत, पण रोज दोन बस बदलणाऱ्याला महिन्याच्या शेवटी ती दिसतात. रूममेटने तिकिटाचा आकडा वहीत लिहून घेतला. प्रत्येक खर्च तो लिहीत होता. मला वाटलं, ट्रिपचा हिशेब.

मरीन ड्राइव्हवर कळलं की तो हिशेब ट्रिपचा नव्हता.

कट्ट्यावर बसलो होतो. समुद्र, ओले टेट्रापॉड, शेजारी कपल्स, मागून गाड्यांची रांग. टिपिकल सीन. मावसभाऊ फोटो काढत होता. रूममेट म्हणाला, "ताई, तुम्ही पीजीचे किती देता?"

मी सांगितलं. दोघींत एक खोली, जेवण वेगळं, बारा हजार.

त्याला कॅम्पसमधून ऑफर आली होती. कंपनी मरोळची, पॅकेज साडेतीन लाख. हातात येणार साधारण पंचवीस हजार. घरी त्यातले आठ पाठवावे लागणार, धाकट्या बहिणीच्या फीसाठी. संभाजीनगरलाच वाळूजमध्ये एक काम मिळतंय, पगार सोळा हजार, पण घरून जाऊन-येऊन करता येईल. "मुंबई आवडली की नाही ते बघायला नाही आलो मी," तो म्हणाला, "परवडते का ते बघायला आलोय. याला सांगितलं नव्हतं." मावसभावाने मोबाइल खाली घेतला. तो पुण्याला एम.टेक.ची तयारी करणार आहे, आणि चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या मित्राने ही गोष्ट आपल्याला का सांगितली नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भेळ आली. भेळेपुढे मौन फार टिकत नाही.

रविवार : प्लॅन बदलला

सकाळचा भाग ठरल्याप्रमाणे झाला. बेस्टने वाळकेश्वर. बाणगंगेच्या पायऱ्यांवर सकाळी बदकं, आंघोळीला आलेली माणसं आणि चारी बाजूंनी देवळं. समुद्र इतका जवळ असून तलावाचं पाणी गोडं. रामाने बाण मारून काढलेलं पाणी, म्हणून बाणगंगा, अशी कथा सांगतात. तिथून चढून म्हातारीच्या बुटापर्यंत. लहानपणी मुंबई बघायला आलेल्या प्रत्येक मराठी मुलाचा इथे एक फोटो असतो, तसा या दोघांचाही आता आहे, वय वर्षं एकवीस. शेजारीच मार्च २०२५ मध्ये उघडलेला मलबार हिलचा एलिव्हेटेड नेचर ट्रेल. जवळपास अर्धा किलोमीटर लाकडी वाट, झाडांच्या शेंड्यांमधून, खाली चौपाटी. तिकीट पंचवीस रुपये, पण बुकिंग ऑनलाइन आणि आधी करायचं. रविवारी सकाळचे स्लॉट पटापट जातात, हे लक्षात ठेवा.

गिरगावात उतरून मिसळ. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची, व्हरांड्याची जुनी घरं बघितली. त्यातली बरीच पडली, त्यांच्याजागी उंच इमारती आल्या, उरलेल्यांत अजून लोक राहतात. म्हणून कॅमेरा दुसऱ्यांच्या खिडकीत घालू नका, प्लीज.

यानंतर खरं तर भायखळ्याला जायचं होतं. १८७२ मध्ये सुरू झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम आणि राणीची बाग, एका दगडात दोन पक्षी. (दोन्ही बुधवारी बंद.) पण मावसभावानेच विषय काढला. "पेंग्विन काय पळून जात नाहीत. चल, तुझं ऑफिस बघू."

मग मेट्रो. अॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण चालू झाली, त्यामुळे गिरगावात खाली उतरायचं आणि मरोळ नाक्याला वर यायचं. थंडगार, चकाचक, ना धक्के ना घाम. भाडं अंतरानुसार दहा ते सत्तर रुपये. मुद्दाम जाताना मेट्रो आणि येताना लोकल घ्यायचं ठरवलं, म्हणजे दोन्हीची तुलना होते. तुलना झाली. सेकंड क्लासचं लोकलचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, आणि अंधेरी ते दादर एवढं अंतर वडापावपेक्षा स्वस्तात पडतं. रूममेटच्या वहीत मेट्रोवर काट मारली गेली.

ऑफिस अर्थातच बंद. काचेची सात मजली बिल्डिंग, गेटवर एक सिक्युरिटीवाले काका. त्यांनी आत सोडलं नाही, पण माहिती भरपूर दिली: सकाळी स्टेशनहून शेअर रिक्षाला किती वेळ लागतो, टपरीवरची पोळीभाजी कुठली बरी, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं. एकही गाइडबुक हे सांगत नाही. जवळच्या गल्लीत भिंतीभर "बॉइज पीजी" चे कागद चिकटवलेले. दोन खोल्या वर जाऊन पाहिल्या. पहिलीत सहा खाटा, साडेसात हजार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. दुसरीत तीन खाटा, एक खिडकी, अकरा हजार. खिडकीतून विमानाचं पोट दिसत होतं. मावसभावाने नळ सोडून पाणी बघितलं, गादी दाबून पाहिली, पंखा किती आवाज करतो ते ऐकलं. घर बघायला आलेल्या वडलांसारखा!

मेगाब्लॉकमुळे परतीच्या लोकलला खच्चून गर्दी. मुंबईत रविवारी फिरायचं तर आदल्या दिवशी ब्लॉकचं टाइमटेबल बघून ठेवायचंच. दादरला उतरून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो आणि तिथे हिशेब झाला. खोली साडेसात, घरी आठ, जेवण साडेचार-पाच, पास आणि रिक्षा दीड-दोन. पंचवीसातून अडीच ते साडेतीन उरतात, आजारी न पडल्यास. मुंबई बघायला स्वस्त आणि झोपायला महाग आहे, हे त्या दोघांच्या बजेटमध्येही होतंच की. दोन दिवसांत सगळ्यात मोठी रक्कम एका खाटेची होती.

"मुंबईत कोणाचंच पहिल्या वर्षी भागत नाही," मी म्हटलं. "मग कसं करतात?" या प्रश्नाला मी खरं तेच उत्तर दिलं. घरून मागवतात. आणि त्याच्याकडे नेमकं तेच नव्हतं.

साडेनऊची देवगिरी वेळेवर सुटली. ट्रिपचा शेवटचा आकडा माणशी एकोणीसशे चाळीस, गाडीत खायला घेतलेल्या वडापावसकट. ऑफरला उत्तर द्यायची मुदत पुढच्या शुक्रवारची आहे. हा मजकूर देईपर्यंत रूममेटचा काही निरोप नव्हता. मावसभावाचा मात्र मेसेज आलाय : सहा खाटांच्या खोलीत महिन्यातून एक शनिवार पाहुणा चालतो का, विचारून ठेव ताई. घारापुरी राहिली आहे.