सोऱ्या सध्या कुणाकडे?

होळी झाली की बार्शीकडच्या आमच्या घरांत पहिला प्रश्न निघतो, सोऱ्या सध्या कुणाकडे आहे? सासूबाईंच्या वेळचा हा जड पितळी सोऱ्या वर्षभर या घरातून त्या घरात फिरत असतो. दिवाळीत चकल्यांसाठी थोरल्या जाऊबाई नेतात, तिथून तो वन्संकडे जातो. कुरडयांचा दिवस ठरला की वन्सं तो पिशवीत घालून घेऊनच येतात.

त्याआधी तीन दिवस गहू भिजत असतो. पाणी रोज बदलायचं, नाहीतर कुबट वास येतो. दाणा चिमटीत दाबल्यावर सालीतून पांढरं दूध आलं की गहू वाटायचा, पाण्यात कोळून फडक्यातून गाळायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी चीक तळाशी बसलेला असतो. वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून द्यायचं. उरलेल्या चोथ्यात तीळ-तिखट घातलं की त्याच्या भुसवड्या होतात.

खरी धांदल पुढे. चिकाइतकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि चिकाची धार एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने घोटायचं. "थांबू नकोस गं, गाठी होतील," असं जाऊबाई दारातूनच ओरडतात. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चमकू लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा भुगा होतो.

पण शिजलेला चीक थांबत नाही. निवला की तो घट्ट बसतो आणि चकतीच्या भोकांतून उतरत नाही. म्हणून एकीने पातेलं झाकून मंद आचेवर राखायचं, दुसरीने पाण्याचा हात लावून सोऱ्या भरायचा, तिसरीने गच्चीवरच्या प्लास्टिकवर फेर धरत दट्ट्या दाबायचा. मुलांना वाटीत गरम चीक, वर तेल. ऊन चढायच्या आत पातेलं रिकामं झालंच पाहिजे.

स्क्रूचे स्टीलचे सोरे आले, त्यांनी दंडाचे कष्ट वाचले. तरी घोटणं, भरणं आणि घालणं एकाच वेळी चालावं लागतं ते लागतंच. माणसं जमतात ती प्रेमापोटी, हे खरं. पण चीक निवायच्या आत उरकायचं असतं, म्हणून रुसवे ठेवूनही जमतात. गेल्या वर्षी ज्या दोघी बोलत नव्हत्या, त्यांनीच एकमेकींचं पातेलं उचललं.

तेव्हा प्रत्येक घराने वेगळा सोऱ्या घ्यायलाच हवा असं नाही. उसना न्यावा, उसना द्यावा. फक्त परत करताना धुऊन, कोरडा पुसून आणि चकत्या मोजून द्या. आमच्याकडे बारीक शेवेची चकती हरवली, त्याचा वाद अजून मिटलेला नाही.